नऊ नंबरची गाडी सुटली नाही

मिस्त्रींना डेपोत कुणी नावाने हाक मारत नसे. सव्वीस वर्षं ते बसगाड्यांची चाकं आणि ब्रेक बघत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली एकही गाडी चाकाच्या दोषाने रस्त्यात अडकली नव्हती. ही गोष्ट डेपोला माहीत होती, घरच्यांना माहीत होती आणि रविवारी चर्चमध्ये उपासनेला येणाऱ्या सगळ्या मंडळींनाही माहीत होती. कारण पाळकसाहेबांनी "आज साक्ष कोण देणार? देवाने काय केलं ते कोण सांगणार?" असं विचारायचा अवकाश, तिसऱ्या बाकावरून मिस्त्री उठलेच म्हणून समजा.

माणूस वाईट नव्हता. खोटं बोलत नसे, कुणाचं वाईट चिंतत नसे. पण त्यांच्या साक्षीचा शेवट ठरलेला असे. "आपण सरळ चाललो, की देवाची कृपा आपल्या घराचा पत्ता विसरत नाही."

"देवाला अगदी पोस्टमन करून ठेवलाय तुम्ही," त्यांची बायको घरी येताना म्हणायची. मिस्त्री हसण्यावारी न्यायचे.

त्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला नऊ नंबरच्या गाडीचं पुढचं डावं चाक त्यांनी बदललं. ही गाडी रविवारी सकाळी सव्वाआठला डोंगरावर जायची, आणि रविवारी ती कायम भरलेली असायची. मिस्त्रींनी चाक बसवलं, दहाही नट हाताने फिरवून जागेवर आणले आणि जॅक उतरवला. आता मोठ्या पान्याने नट आवळायचे आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची, एवढंच उरलं होतं. ही रेघ त्यांची खूण होती. रेघ दिसली की चाक पक्कं, हे अख्ख्या डेपोला ठाऊक होतं.

पाना उचलायला ते वाकले आणि खिशातला फोन वाजला. जावई होते.

"बाबा, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत."

मिस्त्री तसेच खाली बसले. लेकीला नवव्या महिन्यात रक्तदाब चढला होता आणि डॉक्टरांनी काहीच सांगता येत नाही असं सांगून ठेवलं होतं. पंधरा दिवस घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. मिस्त्रींनी कॉलरने डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाले, "देवा, तुझी कृपा!" आजूबाजूचे धावत आले. कुणी पाठ थोपटली, कुणी हात हलवून हलवून खांद्यातून निखळायची वेळ आणली. तेवढ्यात कारकून कामाचे कागद घेऊन आला. मिस्त्रींनी आनंदाच्या भरात, त्याने जिथे जिथे बोट दाखवलं तिथे तिथे सही केली आणि हातसुद्धा न धुता दवाखान्याकडे धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी उपासनेला मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. साक्षीची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलंच नाही, नुसतं त्यांच्याकडे बघून हसले. मिस्त्री उठले. नातीचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग नेहमीचा धागा धरून ते म्हणाले, "मी काही फार शिकलेला माणूस नाही. पण हाताने वाकडं काम केलं नाही. सव्वीस वर्षांत माझी पिवळी रेघ मारल्याशिवाय एकही चाक डेपोच्या बाहेर..."

इथे ते थांबले.

रेघ मारली की त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला रंग लागायचा आणि दोन-दोन दिवस निघायचा नाही. आज नख कोरं होतं. मिस्त्री भर उपासनेत स्वतःचा अंगठा बघत उभे राहिले. मंडळींना वाटलं, गळा दाटून आला. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मी चाक आवळलं नाही," मिस्त्री म्हणाले. आवाज इतका बारीक होता की फक्त शेजारी बसलेल्या बायकोला ऐकू गेला.

"काय?"

"नऊ नंबर. नट नुसते हाताने बसवलेत. गाडी सव्वाआठलाच सुटली असणार."

भिंतीवरचं घड्याळ नऊला पाच कमी दाखवत होतं. डोंगराची वळणं शहरापासून पाऊण तासावर सुरू होत होती.

बायकोने पर्समधून स्कूटरची किल्ली काढली. आयुष्यभर गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाला दुचाकी मात्र चालवता येत नसे. एकदा शिकताना तोल जाऊन पडले होते, तेव्हापासून ते मागेच बसायचे. दोघं बाकांच्या मधल्या वाटेने जवळजवळ पळतच बाहेर पडले. मागे कुजबुज उठली. मिस्त्रींना पहिल्यांदाच लोक काय म्हणतील याची पर्वा नव्हती.

स्कूटरवर मागे बसून ते फोन लावत होते. नऊ नंबरच्या ड्रायव्हरचा फोन नुसता वाजत होता. या ड्रायव्हरला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुठे आहे ते कुणालाच सापडत नसे. इतर वेळी पहिल्या घंटीला फोन उचलणारा रेडिओ आज गप्प होता. डेपोचा फोन सतत दुसऱ्या कॉलवर होता.

"काय होतं नट ढिले असले की?" बायकोने मान न वळवता विचारलं.

"थोडा वेळ काहीच होत नाही. मग चाक डुलायला लागतं. मग..." मिस्त्रींना पुढे बोलवेना. गाडीत चाळीस माणसं असतील. पुढच्या सीटवर म्हाताऱ्या बायका बसतात, कारण मागे धक्के लागतात. हे सगळं त्यांना माहीत होतं आणि आता एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येत होती. त्यांनी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण तोंडातून "देवा, देवा" याशिवाय शब्द फुटेना. मी सरळ चाललो, हे आज कुठल्या तोंडाने सांगणार?

डेपोच्या फाटकातून स्कूटर आत शिरली आणि बायकोने करकचून ब्रेक दाबला.

नऊ नंबरची गाडी जागेवर उभी होती.

काल संध्याकाळी होती तशीच, भिंतीकडे तोंड करून. मिस्त्री स्कूटर थांबायच्या आधीच उतरले, धडपडले, उठले आणि गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी जाऊन पोहोचले. त्यांनी एका नटाला दोन बोटं लावली. नट फिरला. दुसराही फिरला. मिस्त्रींनी चाकाला पाठ टेकली आणि फरशीवर, ग्रीसच्या डागांमध्ये, इस्त्रीच्या शर्टासकट बसकण मारली. मग ते रडले. हसतही होते बहुधा. बायको शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात धरून ठेवला.

टाइमकीपर खिडकीतून ओरडला, "मिस्त्री, आज रविवारचं काय काढलंत? तुम्हाला पण बातमी कळली का?"

"कसली बातमी?"

"रेडिओचा पाय मोडला! पहाटे कामावर यायला निघाला आणि घराच्या जिन्यावरून थेट खाली. आता दवाखान्यात आहे. मी सकाळपासून फोनवर आहे, कान गरम झाले माझे. कसाबसा बदली ड्रायव्हर मिळवला, तर या गाडीची किल्ली नाही! त्या महाशयांनी काल जमाच केली नव्हती, खिशात घालून घरी. दुसरी किल्ली साहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि साहेब सुट्टीवर. शेवटी माणसं जुन्या बावीस नंबरमध्ये घालून पाठवली. आत्ताच फोन आला, पायथ्याला पोहोचली म्हणे."

"सगळी पोहोचली?"

"मग? अर्धी उतरवून ठेवणार होते का वाटेत?"

किल्ली जमा न करण्याच्या या सवयीवरून मिस्त्रींनी रेडिओला किती वेळा झापलं होतं याची गणतीच नव्हती.

ते उठले, मोठा पाना आणला आणि दहाही नट ओळीने आवळले. मग परत एकदा तपासले. मग रंगाचा डबा उघडून रेघा मारल्या. काम झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवारात तिसरं कुणी नव्हतं. टाइमकीपर पुन्हा फोनला चिकटला होता. कालच्या कागदावर सही होतीच, आज चाकावर रेघही होती. जगाच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं.

 बायको त्यांच्याकडे बघत होती.

"दोषांची वही कुठे असते रविवारी?" मिस्त्रींनी टाइमकीपरला विचारलं. आणि त्या वहीत, गाडीचा नंबर घालून, त्यांनी घडलं ते चार ओळींत लिहिलं. खाली सही केली. या वेळी काय लिहिलंय ते दोनदा वाचून.

दुपारी दोघं दवाखान्यात गेले. रेडिओ मांडीपर्यंत प्लास्टर घालून पडला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला गिअरबॉक्स समजावून सांगत होता. त्याची बायको खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती. ती दर रविवारी उपासनेला यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपली की कुणाशी न बोलता निघून जायची. रेडिओ वर्षातून दोनदा उगवायचा.

"या भाऊ," ती म्हणाली. "नातीबद्दल ऐकलं. अभिनंदन." मग तिच्या तोंडून निघूनच गेलं, "तुमच्या घरी पाळणा, आमच्या घरी प्लास्टर. तुमच्यावर देवाची कृपा आहे, दिसतंच आहे. आमच्यावरून त्याची नजर उठली असेल."

"अगं, आल्या आल्या काय..." रेडिओ म्हणाला.

"वहिनी, आधी माझं ऐका," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोन, सही, कोरं नख, फिरणारा नट. काही लपवलं नाही.

रेडिओ कोपरावर टेकून अर्धा उठला. शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा उठून बसला.

पहिल्यांदा बोलली ती रेडिओची बायको. "म्हणजे तुमचा नट ढिला राहिला, म्हणून देवाने माझ्या नवऱ्याचं हाड मोडलं?"

"नाही! तसं नाही म्हणत मी."

"मग कसं?"

"मला माहीत नाही, वहिनी. खरंच माहीत नाही."

"देवाला मधे ओढू नकोस," रेडिओ हळूच म्हणाला. "मी माझ्याच चपलेवर पाय देऊन घसरलो. काल जिन्यात काढून ठेवली होती. तू शंभरदा सांगितलं होतंस." मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "थांबा, थांबा. पुढचं डावं चाक. तिसऱ्या वळणावर दरी डावीकडेच आहे." त्याने हवेत स्टीअरिंग धरल्यासारखे हात केले आणि खाली सोडले. "चाळीस माणसं. आणि सगळ्यात आधी मीच. अगं, मी आहे. मी इथे आहे!"

त्याने बायकोचा हात ओढून स्वतःच्या गालाला लावला. ती खाटेच्या कडेवर बसली आणि तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. मिस्त्रींच्या बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि मिस्त्रींकडे वळली. आवाजात राग होता, पण तो आजचा राग नव्हता.

"भाऊ, एक विचारू? तुम्ही दर रविवारी उभं राहून सांगता, मी सरळ चाललो म्हणून देवाने दिलं. शेवटच्या बाकावर बसून मी काय समजायचं? माझी दोन बाळं पोटातच गेली. आम्ही वाकडे चाललो होतो का? आठ वर्षं मी तेच शोधतेय. कुठे चुकलं, कुठे चुकलं. तुमची साक्ष झाली की मी पळत घरी जाते, कुणी तोंड बघू नये म्हणून."

मिस्त्रींना हे ठाऊक नव्हतं. म्हणजे बाळं गेल्याचं ऐकलं होतं. पण त्यांच्या त्या एका ठरलेल्या वाक्याने कुणाला दर आठवड्याला ओरखडा उठत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. सकाळी स्कूटरवर मागे बसून, सांगण्यासारखं काही हातात नसताना देवाला हाक मारणारा माणूस त्यांना आठवला. त्या माणसाने चाळीस जीव वाचावेत असं काय केलं होतं? काहीच नाही. उलट जे केलं होतं ते भलतंच होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "नटाचं नव्हे. म्हणजे तेही आहेच. पण हे त्याहून मोठं चुकलं. तुम्ही वाकडं काही केलं नव्हतं, वहिनी. आणि मी सरळ होतो म्हणून मला मिळालं नव्हतं."

तेवढ्यात पाळकसाहेब आत आले. वय झालेलं, एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांना सगळी हकिगत पुन्हा, जरा मोठ्याने सांगावी लागली. आजूबाजूच्या चार खाटांना ती आता पाठ झाली. ऐकून झाल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्हीच सांगा," रेडिओची बायको म्हणाली. "आज कृपा कुणावर झाली? यांच्यावर, की आमच्यावर?"

"बाई, पन्नास वर्षं उपदेश करतोय, आणि अजून मला देवाच्या मनातलं वेळापत्रक कुणी दाखवलेलं नाही," पाळकसाहेब म्हणाले. "गाडी का वाचली आणि तुमची बाळं का गेली, हे मी तिकडे गेल्यावर त्यालाच विचारणार आहे. यादी लांब आहे माझी. पण एक गोष्ट मला कळलीय. आपल्यासोबत चांगलं घडलं की कृपा आणि वाईट घडलं की अवकृपा, असा हिशोब ख्रिस्ताच्या क्रुसापाशी बसतच नाही. तिथे सगळ्यात सरळ चालणाऱ्याला सगळ्यात वाईट मिळालं. आणि आपण सगळे, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, त्याच्या जिवावर आत आलो. कमाई कुणाचीच नाही. तुमच्यावरून त्याची नजर उठली नव्हती, बाई. एक दिवससुद्धा नाही. तुम्ही पळत घरी जायचात तेव्हासुद्धा नाही."

 इतक्या वर्षांनी तिचे ताठलेले खांदे सैल झाले, हे मिस्त्रींच्या बायकोला स्पष्ट दिसलं. थोड्या वेळाने रेडिओची बायको मिस्त्रींना म्हणाली, "उभे काय राहिलात? बसा ना." आणि खाटेखालचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

सोमवारी डेपो मॅनेजरनी वहीतल्या चार ओळी वाचल्या आणि चष्मा काढला. "दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं, तर मी त्याला कायमचा घरी पाठवला असता."

"मलाही पाठवा, साहेब. नियम आहे."

"आठ दिवस घरी बसा. आणि परत आल्यावर प्रत्येक चाकावर तुमच्यानंतर दुसऱ्या माणसाचा हात फिरेल. तुमच्या चाकांवरसुद्धा."

मिस्त्रींना वाटलं होतं, हे ऐकताना आपली मान खाली जाईल. झालं भलतंच. छातीवरून गाडी उतरावी तसं त्यांना मोकळं वाटलं. सव्वीस वर्षं एकही चूक न करण्याचं ओझं ते एकट्याने वाहत होते, आणि ते कुणी त्यांच्या डोक्यावर ठेवलेलंही नव्हतं. "चालेल, साहेब," ते म्हणाले, आणि बाहेर पडताना चक्क शीळ वाजवली.

घरी बसायचे ते आठ दिवस ते घरी बसलेच नाहीत. सकाळी लेकीकडे, दुपारी दवाखान्यात. रेडिओच्या बडबडीला त्यांच्याइतका निवांत श्रोता कधी मिळाला नव्हता. मधल्या रविवारी साक्षीच्या वेळी मिस्त्री उठले नाहीत. ते बायकोसोबत शेवटच्या बाकावर बसले होते, रेडिओच्या बायकोच्या शेजारी. पाळकसाहेबांनी तिसऱ्या बाकाकडे सवयीने बघितलं आणि मग शोधत शोधत नजर मागे आणली. उपासना संपल्यावर ती बाई पळाली नाही. तिघं दारापाशी उभे राहून बराच वेळ बोलत होते, आणि आणखी दोन-चार जण त्यांच्यात येऊन मिसळले.

नवव्या दिवशी रेडिओला घरी सोडलं. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मिस्त्री, टाइमकीपर आणि शेजारचे दोन भाडेकरू यांनी त्याला लाकडी खुर्चीत बसवून उचललं. रेडिओला वाहन मिळालं म्हणजे तो गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"डावीकडे घ्या! हळू, समोर वळण आहे! मागचे, तुम्ही झोपलात काय? मिस्त्री, तुमची बाजू खाली जातेय."

"तोंड बंद केलंस तर तुझं वजन निम्मं होईल," मिस्त्री धापा टाकत म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावर सगळे हसायला लागले आणि खुर्ची खाली टेकवावी लागली. वरून रेडिओची बायको कठड्यावरून वाकून बघत होती. "पाडू नका हो! तो दुसरा पायच तेवढा शिल्लक आहे!" ती ओरडली, आणि तिचंही हसू आवरेना. तिला असं हसताना त्या इमारतीतल्या लोकांनी फार दिवसांनी ऐकलं.

वर पोहोचल्यावर खुर्ची टेबलापाशी ठेवली. सगळ्यांचे शर्ट घामाने अंगाला चिकटले होते. तिने चहा केला, कप मांडले आणि कुणी कप उचलायच्या आत म्हणाली, "थांबा. मी प्रार्थना करते." रेडिओने चकित होऊन तिच्याकडे बघितलं. चारचौघांत ती कधी प्रार्थना करत नसे.

तिने डोळे मिटले. "प्रभू, आम्ही का वाचलो ते आम्हाला कळत नाही. जे गेले ते का गेले, तेही कळत नाही. तू आहेस, एवढं कळतं. हे घर, ही माणसं आणि हा चहा, याबद्दल तुझे आभार. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. मिस्त्रींना आणखी काहीतरी म्हणावंसं वाटत होतं, पण चहा निवत चालला होता. त्यांनी कप उचलला. चहात साखर जरा जास्तच पडली होती. त्यांनी तो संपवला आणि अजून अर्धा कप मागितला.